आईचं माहेर, माझ्या मॉनिटरवर

आमच्या धायरीच्या घरात मॉनिटर माझा आणि टॅब बाबांचा, अशी वाटणी होती. मॉनिटर मी घरून काम करण्यासाठी घेतलेला. आठवड्यातले तीन दिवस मी हिंजवडीच्या बसमध्ये बसते आणि दोन दिवस त्याच्यासमोर. बाबांना टॅब पेपर वाचायला दिला होता, पण त्यांना त्यात चित्र काढायचं अॅप सापडलं आणि पेपर मागे पडला.

बाबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. इंजिनिअरांनी आखलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचे, हे त्यांचं काम. त्यात मान कायमची वाकली. टॅबवरही ते तसेच वाकायचे, म्हणून एका शुक्रवारी मी टॅबला केबल लावून त्यांच्यापुढे मॉनिटर ठेवला. टॅबवर जे दिसतं तेच पडद्यावर मोठं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, तेवढं सोसायचं.

"हात इथं आणि रेघ तिथं, हे काय काम आहे का?" बाबा म्हणाले, आणि डोळ्यांवर उजेड येतो म्हणून त्यांनी मॉनिटर चक्क उलटा फिरवून ठेवला. आता पडद्याचं तोंड पलंगाकडे झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तिथे पाय लांब करून मेथी निवडत बसली होती. मी मनातल्या मनात जळफळले. एवढा उपद्व्याप केला तो कुणासाठी?

पडद्यावर आपोआप एक रस्ता उमटत होता. बाबांचा हात मॉनिटरच्या पाठीमागे, त्यामुळे पलंगाकडून बघणाऱ्याला नुसती रेघ चालताना दिसायची. रस्ता वळला, त्याला घरं फुटली, एक चौकोन जरा मोठा झाला.

"चावडी इतकी पुढं नव्हती," आई म्हणाली.

बाबांचं पेन थांबलं. लॅपटॉपवरचे माझेही हात थांबले.

त्याचं कारण असं. आईचं माहेर भंडाऱ्याकडचं, आणि ते धरणात गेलं. त्या धरणाचा नकाशा बाबांच्याच टेबलावर आला होता. पाणी कुठवर चढणार ती निळी रेघ बाबांनी ओढली, बायकोचं घर रेघेच्या आत आहे हे दिसत असताना ओढली, आणि घरी चकार शब्द काढला नाही. पुढे नोटिशीबरोबर तो नकाशा मामाच्या हाती पडला. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीतली नवऱ्याच्या सहीची दोन अक्षरं आईने ओळखली. ती भांडली नाही. फक्त त्यानंतर बाबांसमोर तिने माहेरचा विषय काढला नाही, आणि बाबांनीही कधी विचारायचं धाडस केलं नाही. लहानपणी मला वाटायचं, आयांना माहेर नसतंच.

पडद्यावर उमटत होतं ते तेच गाव, म्हणून आईचं ते एक वाक्य मला केवढं तरी वाटलं. बाबांनी चावडी खोडली आणि मागे घेतली.

पुढचे कित्येक शुक्रवार दुपारी आमच्या घरात असंच चाललं. खिडकीचा पडदा ओढलेला, वर पंखा, खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक येऊन विरून जायची. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन कामाचं नाटक करायचे. बाबांना गाव ठाऊक होतं ते नकाशातलं, घर म्हणजे चौकोन. आई त्या चौकोनांत माणसं घालायची. इथं गुळवाली म्हातारी. विहाराच्या मागं आमची गल्ली. विहिरीला सात पायऱ्या, पाचवी फुटकी. बाबा पायरीसाठी चित्र मोठं करायचे, आणि सगळा पडदाभर विहीरच यायची. कधी डोळा लागायचा माझा, आणि जाग आली की गावात दोन झाडं वाढलेली असायची. खरं सांगते, मला त्या दुपारी सोडून कुठेही जावंसं वाटत नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत मात्र नव्हते. मध्ये माझा मॉनिटर होता.

शेवटी आईचं घर राहिलं. ओटा झाला, चिंच झाली. "कडी डाव्या हाताला," आई म्हणाली. बाबांनी टॅब जरा जवळ ओढला, केबल निसटली, आणि मॉनिटर काठोकाठ निळा झाला. सिग्नल गेला की तो तसाच होतो. पण त्या खोलीत निळ्या रंगाचा अर्थ एकच होता.

मी उठणार, एवढ्यात आईचा आवाज आला. "काहून जी, पुन्हा बुडवलं काय?"

बाबा टेबलाला वळसा घालून पहिल्यांदाच पडद्यासमोर आले. त्यांनी तो निळा रंग पाहिला. "मी सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "तेव्हाच."

"हो," आई म्हणाली. "पाहिजेच होतं."

बाबा तिथूनच मॉनिटरच्या पाठीमागे हात घालून चाचपडत केबल खोचू लागले. दोनदा चुकली. मी मदतीला सरसावले, तर आईने मला हातानेच बस म्हटलं. तिसऱ्यांदा बसली, आणि गाव वर आलं. चावडी, विहीर, चिंच, सगळं जागच्या जागी, कोरडं ठणठणीत.

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. नकाशाला चौकट हवीच, म्हणून बाबांनी ती सवयीने आखली होती, पण रिकामी सोडली होती.

"सही नाही केली?"

बाबांनी केबल पुन्हा एकदा आत दाबली.

"करा," ती म्हणाली.

त्यांनी परत जाऊन पेन टेकवलं. दोन्ही अक्षरं वाकडी उमटली. बाबा खोडायला गेले.

"राहू द्या तशीच," आई म्हणाली. "मला वाचता येते."