तळाला कोरलेलं नाव

आमच्या घरात अशी एकही वस्तू नव्हती जिच्यावर नाव नव्हतं. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, तो नियमच होता. लग्नकार्यात गल्लीतली भांडी एकमेकांकडे जातात, पंगती उठतात, आणि मग कुणाचा तांब्या कुणाच्या मोरीत निघतो. म्हणून नवीन भांडं घरात आलं की आधी आमच्या मानवत गावातल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यावर नाव टाकून आणायचं, मगच त्यात पाणी. वाटी असो की पातेलं. कुकरच्या झाकणावर वेगळं नाव, कारण झाकण वेगळं हरवतं.

आमच्या ह्यांनी लग्नाच्या फोटोंचा धंदा सुरू केला आणि मोठा कॅमेरा घेतला, तेव्हा हे अंघोळीला गेलेले बघून आत्याबाईंनी तो पिशवीत घातला आणि त्याच दुकानात नेला. घरी आणला तेव्हा कॅमेऱ्याच्या तळाला, स्टँडचा स्क्रू बसतो त्या भोकाशेजारी, ह्यांचं पूर्ण नाव कोरलेलं. वडिलांच्या नावासकट! आडनाव मावलं नाही म्हणून दुसऱ्या ओळीत.

"आई, ह्यो काय तांब्या हाय का?" हे डोक्याला हात लावून ओरडले.

"लग्नातच नेणार न्हाईस का? मग?" आत्याबाई म्हणाल्या.

मी हसून हसून बेजार. धंद्यातली मंडळी ह्यांना कितीतरी दिवस 'भांडीवाले' म्हणून चिडवायची. हे चिडायचे, पण ते नाव खरवडून काढायचं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करणं हे आत्याबाईंचं काम. लिहिता-वाचता येत नाही, पण लाल लाईट जाऊन हिरवा लागला की काढायची, एवढं पक्कं. तिथीच्या दिवशी हे सकाळी निघाले की कधी परत येतील त्याचा भरवसा नसायचा. कुणी चौकशीला आलं की आत्याबाई ऐटीत सांगायच्या, "त्याला आज सवड न्हाई. तिथी हाय."

मग ह्यांना कावीळ झाली. परभणीहून नांदेडला नेलं आणि नांदेडहून परत आणलं. एवढंच. मला त्याच्यावर जास्त लिहिता येत नाही, कारण जास्त काही आठवतच नाही. बायका म्हणायच्या, रड गं, मोकळी हो. रडू यायला आत काहीतरी हलावं लागतं. माझं काही हलत नव्हतं. मी जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर कापसाच्या गाड्यांच्या पावत्या काढते. ती गाडी गेली, ही आली. घरी येऊन भाकरी टाकायच्या. कुणी विचारलं कशी आहेस, तर बरी आहे. खरंच बरी होते, दुखत कुठं होतं?

आत्याबाई मात्र बॅटरी चार्ज करत राहिल्या. लाल लाईट, हिरवा लाईट. मी बघायचे आणि मला काहीच वाटायचं नाही. शेवटी त्याच एक दिवस म्हणाल्या, "ईक गं ह्यो कॅमेरा. बसून बसून मरल. कुणाच्या तरी हातात चालू दे."

मी एका ॲपवर टाकला. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, तळाचाही. खाली लिहिलं की वस्तू वापरलेली आहे, चालू आहे, तळाला नाव कोरलेलं आहे. उगाच नंतर कटकट नको. लांबच्या जिल्ह्यातल्या एका माणसाने विचारलं. म्हणाला, ताई, मी गावात लग्नाची कामं सुरू करतोय. हे ऐकून आत्याबाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पण भामटा घासाघीस करताना म्हणाला, "ताई, खाली नाव आहे ना, त्याचे थोडे कमी करा." मी केले. वाद घालायचा कंटाळा आला होता.

पाठवायच्या दिवशी आत्याबाईंनी हिरवा लाईट लागेपर्यंत चार्जरजवळून हलायचं नाव घेतलं नाही. मग माझा फोटो काढून बघितला, चालतो का म्हणून. कॅमेरा स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि खोक्यात असा ठेवला की मला वाटलं आता अंगाईच म्हणतात.

चार दिवसांनी त्या माणसाचा मेसेज. "ताई, कॅमेरा मेलेला आहे. चालूच होत नाही. काच पण फुटलेली आहे. पैसे परत करा." सोबत फोटो, जवळून काढलेले, फुटकी काच आणि काळा पडदा.

मी तो मेसेज मोठ्याने वाचला ही चूकच झाली. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. ताट खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या हातनं बांधला होता."

"तुमच्यामुळं न्हाई काही. वाटेत आपटला असंल."

"मी लुगडं एकच घातलं. दोन घालायला पायजेल हुती."

त्या दिवसापासून त्यांचं सगळं बोलणं तिथंच येऊन थांबायला लागलं. भाकरी अर्धी व्हायची, तीही पाण्यासोबत. पोराला दवाखान्यात नेलं तेव्हाही त्याच म्हणत होत्या की मी आधीच वळखायला पायजेल हुतं. आता पोराचा कॅमेराही त्यांच्याच हातून मेला होता. पैशाचं सोडा, ते काही मोठं नव्हतं. पण ही बाई माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालली होती आणि मी पावत्या काढायला जात होते.

माझी बहीण पुण्याला असते, ती जुन्या साड्या अशाच ऑनलाइन विकते. तिला फोन केला. ती तडकलीच. "बावळट, पैसे देऊ नकोस! आधी वस्तू परत मागव. आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढ, टेप फाडायच्या आधीपासून. हे लोक स्वतःची मोडकी वस्तू पाठवून देतात."

तिकडून त्या माणसाचा नवाच सूर. "ताई, परत पाठवायची झंझट कशाला? अर्धे पैसे द्या, मी ठेवून घेतो." मला ते पटलं. मिटलं एकदाचं, असं वाटलं. बोट बटणावर नेलंही होतं. आत्याबाई मागं उभ्या होत्या.

"काय म्हणायलाय त्यो?"

मी सांगितलं.

"अर्धे कामून? आण म्हणावं घरी. मेला तर मेला. आपला हाय."

मग मी अडून बसले. आधी कॅमेरा, मग पैसे. त्याने टाळाटाळ केली, आजारी पडला, गावाला गेला. शेवटी ॲपवाल्यांनीच पार्सल उचलायला माणूस पाठवला. पार्सल निघालं असा मेसेज आला आणि आत्याबाईंनी कपाटातला त्याचा कप्पा पुसून घेतला. चार्जर लावायची जागा मोकळी केली. मीही जिनिंगमध्ये बसून पार्सल कुठवर आलं ते बघायला लागले. परभणीला आलं, मानवतला आलं. मला तो परत पाहिजे होता हे मला तेव्हा कळलं. मोडका तर मोडका.

खोकं आलं. मी मोबाईल डब्याला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि टेप फाडली. लुगडं नव्हतं, थर्माकोल होता. कॅमेरा तोच, त्याच कंपनीचा, तसाच काळा, काच फुटलेली. मी उचलून आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला आणि तळावरून अंगठा फिरवला, भांडं परत घेताना फिरवतात तसा. परत फिरवला.

"ह्यो आपला न्हाई."

मला वाटलं, ह्यांना मान्य होत नाही. मी हातातून घेऊन उजेडात धरला. तळ गुळगुळीत. नावाचं एक अक्षर नाही.

मला कितीतरी दिवसांनी काहीतरी झालं. कानशिलं तापली. त्या माणसाला फोन लावला. तो गोड बोलला, "हाच आहे ताई तुमचा. नाव काय, पुसलं गेलं असेल."

"कोरलेलं नाव पुसतं का रे, मुडद्या?" मी ओरडले. एवढ्या जोरात की शेजारीण भिंतीपलीकडून 'काय झालं गं' म्हणाली. "माझ्या सासूनं नाव टाकून आणलंय त्यावर! त्याच नावापायी पैसे कमी करून घेतलेस, तेव्हा दिसलं होतं ना नाव?"

त्याने फोन ठेवला तो ठेवलाच.

मग तक्रार. तळाला नंबर छापलेला असतो, तो बिलाशी जुळवायचा म्हणे, पण माझ्या फोटोत तो पुसट होता आणि बिल शोधूनही सापडलं नाही. माझ्याकडे होता तो फक्त तळाचा फोटो, आडनाव दुसऱ्या ओळीत गेलेलं, आणि त्या माणसाचा नावावरून घासाघीस केलेला मेसेज. दोन्ही पाठवले, व्हिडिओही. ॲपवाले रोज एकच उत्तर पाठवायचे, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तुमची दिलगिरी घाला चुलीत! पण एक दिवस निकाल आला. त्याचा दावा खोटा, पैसे माझ्याकडेच राहणार. बंद कॅमेरा त्याचा त्याला परत जाणार. माझा मात्र त्याच्याकडून आणायची काही सोय नाही, व्यवहार पूर्ण झालेला आहे.

बहीण फोनवर नाचायचीच बाकी होती. "जिंकलीस गं!" मी हो हो म्हटलं. राग ओसरला होता आणि जागेवर परत तेच, काही नाही. कॅमेरा चोराकडे राहिला, एवढंच काय ते झालं होतं.

आत्याबाई त्या बंद कॅमेऱ्याचं खोकं बांधायला बसल्या होत्या. आपलं दुसरं लुगडं फाडून त्यात गुंडाळत होत्या. मी चिडून म्हटलं, "त्या चोराचं कशाला एवढं कौतुक?"

"चोराचं कामून? ह्योबी कुणाच्या तरी घरचा असंल." गाठ मारता मारता त्या थांबल्या. "म्हंजे मेलाय त्यो ह्यो."

"हो."

"आपला न्हाई मेला."

मी खोक्याजवळ सरकले.

"आपला चालू हाय म्हणून तर ठिवून घेतला त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. "बिघडलेला असता तर धाडला नसता का?" आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, अगदी पहिल्यासारख्या. "माझ्या बांधण्यानं काही झालं न्हाई बघ त्याला."

मी तिथंच खाली बसले आणि रडले. ओक्साबोक्शी, नाक पुसायची शुद्ध नाही. नांदेडहून परतताना जे यायला पाहिजे होतं ते त्या खोक्यापाशी आलं. आत्याबाईंनी मला थांबवलं नाही. त्या खोकं बांधत राहिल्या.

त्या दिवशी त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली. वर आणखी चतकोर मागितली.

परवा तिथी दाट होती. मानवतात सकाळपासून बँड वाजत होते, जिनिंगला जायच्या रस्त्यावर वरातीच्या गाड्या अडकलेल्या. संध्याकाळी घरी आले तर आत्याबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. मी चपला काढल्या. लांबून कुठूनतरी बँडचा आवाज येत होता, त्या कान देऊन ऐकत होत्या.

"लय लग्नं हायती आज," त्या म्हणाल्या. "त्याला आज सवड न्हाई मिळायची."

"न्हाई मिळायची," मी म्हटलं, आणि भाकरी टाकायला आत गेले.