दुसऱ्या कड्याचा तक्ता

रामटेके सरांची पहिली भेट यवतमाळच्या आमच्या उपयोजित यामिकी विभागाच्या प्रयोगशाळेत झाली. संशोधनासाठी मार्गदर्शक हवा म्हणून मी आर्णीहून एक पुष्पगुच्छ आणि एका पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन गेलो होतो. काँक्रीटचे ठोकळे भिजत ठेवायच्या टाकीत सरांनी फुलं ठेवली. चिठ्ठी मात्र न उघडता परत दिली. "खिशातच राहू द्या. इथं ओली होईल."

सर मूळचे दिग्रसचे. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. भार म्हणजे काय, हे सरांनी पुस्तकात वाचण्याआधी वडिलांच्या पाठीवर पाहिलं होतं. म्हणूनच की काय, आकडा लिहिताना त्यांचा हात जरा जपूनच चालायचा. आमच्यासारख्यांचा मात्र धावायचा.

विभागात सरांचा एक शिरस्ता होता. शोधनिबंध स्वीकारला गेला, की छापून येण्याआधी तोच प्रयोग दुसऱ्या कुणीतरी केवळ मूळ संशोधकाच्या वहीवरून करून दाखवायचा. "ज्या वहीवरून प्रयोग करता येत नाही, ती कवितेची वही," असं सर म्हणत. आम्हाला हा निव्वळ छळ वाटे.

पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, भुसा घातलेल्या मातीच्या विटांवर आम्हा दोघांच्या नावाचा निबंध स्वीकारला गेला, तेव्हा माझी वही प्रयोगशाळेचे परिचर शंकरभाऊ यांच्या हाती गेली. भार मोजायला आमच्याकडे पोलादाची दोन कडी होती. कड्यावरच्या घड्याळाचा काटा वाचायचा आणि त्या कड्याच्या तक्त्यात त्याचा भार पाहायचा. प्रत्येक कड्याचा तक्ता वेगळा. शंकरभाऊंनी एक वीट दाबली, वही पाहिली, भिंतीवरचा तक्ता पाहिला.

"सर, कडं तं दोन नंबरचं हाय, अन् यायनं तक्ता पाह्यला एक नंबरचा."

मी वर्षभर हेच केलं होतं. माझ्या विटा कागदावरच पहिलवान होत्या.

सरांची प्राध्यापकपदाची मुलाखत पंधरा दिवसांवर होती आणि त्यांची सारी भिस्त याच निबंधावर होती. मी चाचरत म्हणालो, "सर, मुलाखत झाल्यावर कळवलं तर?"

एरवी प्रमाण मराठी बोलणारे सर त्या दिवशी घरच्या बोलीवर आले. "अन् तोवर बोरी अरबवाल्यायनं अंगणवाडीची भिंत उचलली तं? लेकरं काय तुह्या तक्त्याले टेकून बसतीन?"

बोरी अरबच्या सरपंचबाईंनी आमचेच आकडे धरून भिंतीचा आराखडा करून घेतला होता. माझ्या हे ध्यानातही नव्हतं. सरांनी त्याच दुपारी निबंध मागे घेतल्याचं पत्र पाठवलं, त्यात "चूक माझ्या देखरेखीची" एवढंच लिहिलं आणि एसटीनं बोरी अरब गाठलं. सरपंचबाई म्हणाल्या, "सर, फोन केला असता तरी चाललं असतं न." सर म्हणाले, "चुकीचा आकडा आमी कागदावर देल्ला होता बाई. बरोबरचा हातात द्याले नको?" ओट्यावर बसून त्यांनी नवा हिशेब मांडला. भिंत वीतभर जाड झाली.

प्राध्यापकपद दुसऱ्याला मिळालं. "सरांचं संशोधन कच्चं" हे वाक्य विभागात पुढं कित्येक वर्षं चहाबरोबर फिरत राहिलं. चहा घेणाऱ्यांत मीही असे. मी लोकांच्या लबाड्यांवर लिहून नाव कमावलं. या एका गोष्टीवर मात्र कधी लेखणी उचलली नाही. सरांनीही कधी आठवण करून दिली नाही. माझ्या पदवीच्या दिवशी फक्त शंकरभाऊंसाठी वेगळा पेढा काढून ठेवायला सांगितलं.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात इतर मान्यवर त्यांचे गुण सांगतीलच. मला नोंदवायचं आहे ते एवढंच: तक्ता मी चुकवला होता. सरांचं संशोधन कच्चं नव्हतं.

हे छापल्याबद्दल सर माझ्यावर रागावतील. त्यांनी खुशाल रागवावं, आणि आणखी पुष्कळ वर्षं रागावण्याइतकी त्यांची तब्येत ठणठणीत राहो.