बंधाऱ्यावरची काळी-पांढरी थाळी

समस्त नागरिकांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, नीरा नदी निरीक्षण मंडळाची आजची सभा शंभर टक्के उपस्थितीत बंधाऱ्यावर सुरू झाली. उपस्थिती म्हणजे मी.

पूर्वी बारामतीहून आम्ही जीपभर यायचो. आधी पोहे, मग भांडणं, मग पाण्याची तपासणी, असा क्रम. पुढं कुणाचे गुडघे बोलू लागले, कुणाला ऊसतोड आडवी आली, कुणी नातवंडापायी पुण्याला गेलं. थर्मास मात्र मी अजून तोच मोठा आणतो. चहा उरतो, तो परत नेतो.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. पाणी जितकं गढूळ, तितकी ती लवकर गडप. पण नियम असा की दोघांनी बघायचं. एकट्याचा डोळा जिल्ह्याच्या कार्यालयात धरत नाहीत. मागच्या खेपेची माझी नोंद त्यापायीच बाद झाली होती. आजचीही झाली, तर हा बंधारा तपासणीतून कायमचा जाणार होता.

चपला काढून मी काठावर गुडघे टेकले. पांढऱ्या फडक्यातून थाळी काढली आणि मान वाकवून पाण्यात सोडली. मागं दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबली. एक म्हातारे गृहस्थ उतरले, टोपी काढून माझ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी कॅनमधलं पेलाभर दूध नेमकं थाळीवर ओतलं.

थाळी गुप्त! नीरेचं पाणी इतकं गढूळ कधीच कुणाला सापडलं नसेल.

"आबा, हे काय केलंत?"

"अस्थींला दूध नगं व्हय? आन् घरचं कुनीच कसं न्हाय संगं? कोन गेलं म्हनायचं?"

"कुणी गेलेलं नाही हो. नदीची तब्येत बघतोय. तुम्ही बघता का जरा? दुसरं माणूस लागतंय."

मी हसतच म्हणालो आणि दोरी त्यांच्यापुढं धरली.

दुधापासून लांब, वरच्या अंगाला जाऊन आम्ही दोघं ओणवे झालो. दोरी सोडली.

"दिसतीया... दिसतीया... गेली!"

मलाही ती तिथंच दिसेनाशी झाली. नोंद झाली. त्या आनंदात मी थर्मास उघडला. आबांनी त्याचा आकार बघितला, पिशवीतली कपांची चळत बघितली, आणि त्यांना राहवेना.

"मेल्या मानसाला पोचवाया अख्खं गाव येतंय नदीवर, आन् नदीला बघाया तुमी एकटंच?"