तारवावरची आंधळी म्हातारी

देवगडच्या सुभद्रेचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. पण ती वाचायला बसली की ऐकणाऱ्याचा हात कामावरच थांबायचा. तिच्याजवळ पुस्तक एकच. तिचा बाप गलबतावर तांडेल होता, त्याने ते मुंबईहून आणलेलं. सात समुद्रांपलीकडचं बेट, तिथे अडकलेली राजकन्या आणि जादूचं तारू, अशी त्यातली गोष्ट. लग्न होऊन सासरी येताना सुभद्रेने ते पातळाच्या घडीत घालून आणलं होतं.

आंब्याच्या दिवसांत शेजारच्या बायका दुपारी तिच्या पडवीत पेट्या भरायला जमत. त्यांच्यासाठी ती मोठ्याने वाची. सासू काशीबाईला अक्षरओळख नव्हती, तरी कुठल्या पानानंतर काय येतं ते तिला तोंडपाठ. तारवाचं सुकाणू एक आंधळी म्हातारी धरायची. वाऱ्याचा वास घेऊन ती दिशा ओळखायची आणि राजकन्येला सोडवायचीही तीच. सुभद्रेचा सगळा जीव त्या म्हातारीवर. तिचा बापही असाच नाक वर करून वारा हुंगायचा.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मैदानात सिनेमाचा तंबू लागला आणि दवंडी आली, की त्याच पुस्तकाचा सिनेमा आलाय. सुभद्रेने नवऱ्याच्या, गंगारामाच्या, मागे लागून चार तिकिटं काढायला लावली. काशीबाई आणि नणंद यशोदा संध्याकाळीच वेणी माळून तयार.

पडद्यावर तारू आलं आणि सुभद्रेच्या कपाळावर आठी पडली. सुकाणूवर म्हातारी नव्हती. एक जाडा विदूषक होता, तो घडोघडी पाण्यात पडत होता आणि लोक हसत होते.

"म्हातारी खंय गेली?" तिने विचारलं.

"येतली मागसून," गंगाराम म्हणाला. "गप रव."

म्हातारी आली नाही. राजकन्या खडकावर बसून रडली, मग गायली, मग पुन्हा रडली.

"आणि शीड उलट्या वाऱ्यार फुगला कसा?" सुभद्रा म्हणाली. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं. गंगारामाने मान खाली घातली.

मध्यंतरात ती उठून सरळ दारावरच्या माणसाकडे गेली आणि शाळेतल्यासारख्या मराठीत म्हणाली, "अहो, तुमची रिळाची एक पेटी लावायची राहिली. म्हातारीची."

"बाई, आल्या तेवढ्या पेट्या आम्ही लावतो."

"मग सिनेमा करणाऱ्यांनी पुस्तक वाचलेलं नाही."

"नसेल," तो म्हणाला आणि विडी पेटवायला वळला.

उत्तरार्धात एक राजपुत्र तलवार घेऊन आला. पुस्तकात तो विसाव्या पानावरच तापाने आजारी पडून घरी परत जातो. इथे त्याने एकट्याने बेट जिंकलं. काशीबाई पदराने डोळे पुसत होती. सुभद्रेने मग पडद्याकडे बघायचंच सोडलं.

"बरो होतो गो सिनेमा," परतताना काशीबाई म्हणाली.

"आई, पण म्हातारीच नाय होती त्यात."

"नाय होती तर नाय होती. इतके पैशे घालून केल्यानी, ते चुकतले काय?"

दुसऱ्या दिवशी पडवीत सुभद्रेने पुस्तक उघडलं, तर सिनेमा बघून आलेल्या बायका म्हणाल्या, राजपुत्राची लढाई वाच. ती म्हणाली, यात लढाई नाही. "मगे तुझ्या पुस्तकाचीच पानां गळली असतली," यशोदा म्हणाली. सुभद्रेने पुस्तक मिटलं आणि फडताळात टाकलं. पंधरा दिवस तिने त्याला हात लावला नाही. पेटीत पेंढा अंथरून ती आंबे लावीत राही.

वाचन बंद पडलं, म्हणून काशीबाईच गोष्ट सांगायला बसली. अर्धी पुस्तकातली, अर्धी सिनेमातली. सुभद्रा ओठ आवळून ऐकत होती. काशीबाईने राजपुत्राला बेटावर उतरवलं, आंधळ्या म्हातारीला गाणं म्हणायला लावलं आणि शेवटी म्हणाली, "मगे म्हातारेचा आणि त्या जाड्याचा लगीन झाला."

"लगीन नाय झाला त्यांचा," सुभद्रा हातातला आंबा खाली ठेवून म्हणाली.

"माका काय ठाऊक? माका वाचूक येता?"

सासू मुद्दाम बोलली की खरंच घोळ झाला, ते तिच्या तोंडावरून कळेना. सुभद्रा तणतणत आत गेली, पुस्तक घेऊन आली आणि पहिल्या पानापासून सुरू झाली. तिसऱ्या पानावर यशोदेने विचारलं, "गाणा खंय आसा?"

"गाणा नाय," सुभद्रा म्हणाली आणि वर न बघता पुढे वाचत राहिली.