जीपीएसवर चुकलेली खूण

मित्रांनो, आज सकाळी उजनीच्या पाण्यावर जे झालं, ते मनातून जात नाही.

माझा जुना विद्यार्थी दत्तू मासेमारी करतो. धरणात बुडालेल्या आमच्या शाळेच्या दगडी भिंतींना अडकून त्याची जाळी फाटतात. म्हणून त्याने होडीवर जीपीएस बसवलं. जागेवर बटण दाबलं, की खूण कायमची राहते.

शाळेची नेमकी जागा फक्त आमच्या गावच्या म्हाताऱ्या नामदेवतात्यांना ठाऊक. काठावरची चिंच आणि मागची टेकडी एका रेषेत आली, की खाली शाळा. त्यांची नजर आता फार दिवस टिकणार नाही, म्हणून त्यांना मुद्दाम नेलं. बटण माझ्याकडे होतं.

"हितंच हाय. दाबा की मास्तर," तात्या म्हणाले.

मी मात्र त्या शाळेत शिकलेली कविता मनात म्हणत होतो. शेवटच्या ओळीवर भानावर आलो, तोवर होडी बरीच पुढे गेली होती. तेव्हा दाबलं.

"बरोबर बसलं का, गुरुजी?" दत्तूने विचारलं.

"बसलं," मी म्हणालो.

तात्या समाधानाने म्हणाले, "आता डोळं गेलं तरी चालतंय."

दत्तू उद्या त्याच खुणेच्या भरवशावर जाळं टाकेल. त्याला आत्ता फोन करून खरं सांगतो. पण तात्यांना पुन्हा होडीत कोणत्या तोंडाने बोलावू? तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना काय सांगितलं असतं?