ग्लासवाले मामू

मामू घरात आले की हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी काचेचा ग्लास मागत. "च्या मग घेतो बाई, पयलं ग्लास द्या." पुंडलिकनगरात प्लंबर चिक्कार होते, पण नळाचं पाणी ग्लासात धरून त्याच्यापुढे मांडी घालून बसणारा हा एकच. म्हणून आमच्या कॉलनीने त्यांना ग्लासवाले मामू करून टाकलं होतं.

आमच्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येईना, म्हणून आमच्या ह्यांनी पाणी मऊ करणारं मशीन बसवलं. बोअरचं पाणी त्यातून थेट नळांना जाई. वर्षभर बरं चाललं आणि एका जानेवारीत नळ खोकायला लागले. पाणी थुंकल्यासारखं उडायचं आणि भांड्यात पडलं की दुधासारखं पांढरं दिसायचं. मी घाबरून मामूंना बोलावलं. त्यांनी ग्लास भरून खिडकीत ठेवला. "खालून निवळलं तर हवा. वरून निवळलं तर चुना नायतर माती." पाणी बुडाकडून वर निवळत गेलं. "हवा हाय. घाबरू नगा."

मशीनला शिव्या घालायला मी तयारच होते. मामूंना ते खपायचं नाही. "उसकू बाजू करके तो देखो पहले. बगैर सबूत के कायकू बदनाम करते?" त्यांनी व्हॉल्व्ह फिरवून मशीन बाजूला काढलं आणि पाणी सरळ नळांना सोडलं. नळ तसेच खोकत राहिले. मग तासभर पंप बंद ठेवून पुन्हा चालू केला. पहिली दहा मिनिटं पाणी स्वच्छ, नंतर परत तेच. "बोअर थकला बाई. पाणी खाली गेलं, पंप हवा ओढायलाय. थोडा टाइम चालवा, मग बंद ठिवा. नायतर उन्हाळ्यात जळंल."

ह्यांना पटलं नाही. आपला बोअर आटतोय हे कुणाला ऐकायचं असतं! मशीनच्या दुकानातून कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, "कुणीतरी व्हॉल्व्ह उघडलाय, तिथूनच हवा शिरली." हे मात्र आम्हाला लगेच पटलं.

त्याच आठवड्यात शेजारी हळदीकुंकू होतं. कुणीतरी प्लंबरचं नाव विचारलं आणि मी वाण घेता घेता म्हणाले, "मामूंना नका हं बोलावू. आमचं मशीन त्यांनीच बिघडवलं." पंधराएक बायका होत्या. एवढं पुरलं. मामूंना कॉलनीतून बोलावणी यायची थांबली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहितानाही जड जातं.

एप्रिलमध्ये पंप जळाला. पाइप वर काढणाऱ्या माणसाने दोरी सोडून बघितली, तर पाणी पंपाच्या खाली गेलेलं. मामूंचा शब्दन् शब्द खरा होता. मी घरोघर जाऊन माझी चूक सांगितली. बायका म्हणाल्या, "असू द्या हो, कुणाच्या लक्षात आहे आता?" मामूंकडे जायचं मात्र राहिलं. लाज वाटत होती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पावसाळा आला.

क्रांती चौकापलीकडचं त्यांचं घर शोधत गेले, तेव्हा मामूंना जाऊन तीन आठवडे झाले होते. कॉलनीतलं काम सुटल्यावर ते शेंद्र्याला एका कारखान्यात पाइप उचलायला जात होते, त्या वयात. तिथेच छातीत कळ आली. हे मला त्यांच्या बायकोने, चाचींनी, सांगितलं. मी कुठली, हे कळल्यावर त्यांना काहीतरी आठवलं.

"तुमारी गल्ली? उधरसे जातेच नै थे उनों, फिरके जाते. उस बाईका पंप जल गया, बोलते, मैं सामने आया तो उनकू बुरा लगेंगा. कायकू बुरा लगेंगा, ये कबी बोलेच नै. क्या हुआ था, बाई?"

घरातसुद्धा त्यांनी माझी तक्रार केली नव्हती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चाचींनी शेवटपर्यंत ऐकलं, पदर सावरला आणि उठून आत गेल्या. मी बराच वेळ बसून राहिले. त्या बाहेर आल्या नाहीत.