आराखड्यात न आलेले मामा

आमच्या काचेच्या बरण्यांच्या गोदामात मामा खोक्यांना दोरी बांधत असत. सर्वजण त्यांना ‘टकटक मामा’ म्हणत, कारण बांधण्यापूर्वी ते प्रत्येक खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करीत आणि कान लावीत. आत एक बरणी जरी तडकलेली असली, तरी ते खोके बाजूला काढीत. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. मी गाड्या भरणाऱ्यांचा मुकादम, म्हणून मला ते ठाऊक होते.

एके दिवशी मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. माल मागणीपासून गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचतो, याचा आराखडा त्यांना काढायचा होता. प्रत्येक कामाला एक चौकट आणि चौकटींमध्ये बाण. वेळ कोठे वाया जातो, ते त्यावरून कळणार होते. मी सर्व सांगितले, टकटकही सांगितली. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुढे केला.

“काका, नीट वाचा हं. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा.”

मला केवळ सहीपुरती अक्षरे येत होती. चारचौघांत ते कबूल करण्याची लाज वाटली. मी कागदावरून सावकाश नजर फिरवली, मान डोलावली आणि सही केली.

महिन्याभरात पट्टी बांधणारे यंत्र आले. दोरीची चौकट गेली, तिच्याबरोबर मामाही गेले. फुटका माल परत येऊ लागला.

दीड वर्षाने, प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्यावर, मी भिंतीवरचा तो आराखडा बोट ठेवून वाचला. टकटक कोठेच नव्हती. खाली माझी सही होती.

मी बाईंना खरे काय ते सांगितले. मग त्यांनी नवी चौकट काढली आणि मामांना बोलावण्यास सांगितले.

मामा तोवर पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात लागले होते. त्यांच्या दारात उभे राहून मी अपराध कबूल केला.

“मोठ्यानं बोल की! लाजतोस काय नवरीसारखा?”

मी ओरडून पुन्हा सांगितले. शेजारचे बाहेर आले.

“हात्तिच्या! एवढंच होय? मला वाटलं, कुणी गेलं की काय.”

मामा परत आले. त्यांनी पहिल्या खोक्यावर टकटक केली, कान लावला आणि माझ्याकडे पाहिले. आतली काच खुळखुळलेली मला चार हातांवरून ऐकू आली होती.

आता टकटक मामा करतात आणि ऐकतो मी. फुटके असले की मी टोपी काढतो. मग मामा, जणू आत्ताच ऐकले, अशी सावकाश मान डोलावतात. ती मान माझ्याने बघवत नाही.